लोखंड न्हाई

आमच्या घराला दार नव्हतं. म्हणजे दाराची जागा होती, उंबऱ्याच्या ठिकाणी एक घडीव दगड होता आणि वर आडवी फळीही होती. पण लोक ज्याला दार म्हणतात ते नव्हतं. तिथे गुळाच्या ढेपांचं तरट शिवून टांगलेलं असायचं. पावसाळ्यात ते भिजून जड व्हायचं आणि उन्हाळ्यात गुळाच्या वासाने त्याला मुंग्या लागायच्या. यात लाजण्यासारखं काही आहे हे मला फार उशिरा कळलं, कारण आसपासच्या दहा गावांत जेवढी म्हणून नवी दारं, चौकटी, खिडक्या बसल्या त्यांतली निम्मी लाकडं माझ्या वडिलांच्या हातून कापून गेली होती. हे मी शाळेत मोठ्या ऐटीत सांगायची. एकदा एका मुलीने विचारलं, "मग तुमच्यात तरट का गं?" मी तिच्या पाटीवर थुंकले आणि पळून घरी आले. पुढे तीस वर्षं मास्तरीण म्हणून मी मुलांना प्रश्नांची उत्तरं द्यायला शिकवलं, पण तिच्या प्रश्नाचं धड उत्तर मला अजून देता येत नाही. वेळ मिळाला नाही, एवढंच वडील म्हणायचे. दुसऱ्यांची लाकडं संपत नव्हती.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो आणि गाव त्यांना बाळूमिस्त्री म्हणायचं. पलूसच्या अलीकडे, सांगलीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला लाकडाची वखार होती आणि वखारीला लागून पत्र्याच्या शेडमध्ये करवत. मालकाने पाटीवर 'सॉ मिल' असं झोकात रंगवून घेतलं होतं, पण लोक 'करवतीवर जाऊन येतो' असंच म्हणायचे, गिरणीवर जाऊन येतो म्हणतात तसं. शेडमागे डिझेलचं इंजिन, त्यावरून आत येणारा जाड पट्टा, एकावर एक अशी दोन मोठी लोखंडी चाकं आणि त्या चाकांवरून फिरणारं दातेरी पातं. पात्याच्या अलीकडे आण्णा उभे राहून लाकूड ढकलायचे, पलीकडे रसूलचाचा ते धरून ओढायचे. दोघांची पावलं बरोबर एका वेळी पडायची. आंब्याचं लाकूड मऊ आवाजात कापलं जायचं, लिंबाला मध्येच घरघर लागायची आणि बाभूळ किंचाळायची. बाभूळ लागली की शाळेत बाई शिकवायचं थांबवून खिडकी लावून घ्यायच्या आणि मी मान ताठ करून बसायची, कारण तो आवाज आमच्या घरचा होता.

त्या आवाजात पंधरा वर्षं उभं राहून आण्णांचा डावा कान गेला होता आणि उजवा जायच्या तयारीत होता. करवतीवर बोलून उपयोग नसल्यामुळे सगळं हातांनी चालायचं आणि तेच हातवारे आमच्या घरात आले. मूठ तोंडाशी नेली की जेवण. तळहात खाली दाबला की हळू. आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटं एकमेकांवर आडवी धरली की थांब. करवतीवरची ही सगळ्यात मोठी खूण. ती कुणीही करो, मालकाने नाहीतर रस्त्यावरच्या वाटसरूने, ती दिसली की का, कशाला असं विचारायचं नाही. आधी थांबायचं, मग बोलायचं. आईने तिचा उपयोग भांडणं मिटवायला सुरू केला होता. बहिऱ्या माणसाला आपण ओरडतोय हे कळत नाही. आण्णांचा आवाज चढला की ती भाकरी थापता थापता पिठाचे हात डोक्यावर नेऊन आडवे धरायची आणि आण्णा हसून गप्प व्हायचे. पीठ तिच्या केसांत पडायचं ते वेगळंच.

करवतीचा भुसा आमच्या घरात जळायचा. तेलाच्या डब्याला खालून भोक पाडून केलेली शेगडी होती. तिच्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा आणि मग बाटली फिरवत फिरवत अलगद वर काढायची. हे माझं काम होतं आणि ते मला छान जमायचं. घाई केली की भुसा ढासळायचा आणि आईचा धपाटा पाठीत बसायचा. बाभळीचा भुसा सगळ्यात चांगला, एकदा धरला की डाळ शिजून वर आंघोळीचं पाणी तापेपर्यंत टिकायचा. लिंबाचा भुसा कडवट धूर करायचा आणि त्यावर शिजवलेल्या हुलग्याच्या माडग्याला त्याचा वास लागायचा. दुपारी मी जेवण घेऊन करवतीवर गेले की आण्णा आणि रसूलचाचा वखारीतल्या ओंडक्यावर समोरासमोर बसून जेवायचे. चाचा माडग्याचा पहिला घोट घेऊन माझ्याकडे बघायचे, "जा, वहिनीला सांग, आज लिंब जाळलाय म्हनून वळखलं चाचानं." मोहरमला त्यांच्या घरून गोड चोंगे यायचे, बेंदराला आमच्याकडून पोळ्या जायच्या. पात्याला धार लावणं हे चाचांचं खास काम. उजव्या हातात कानस धरून ते एकेक दात घासायचे आणि मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचे. त्यांच्या हातचं पातं लाकडात लोण्यात शिरल्यासारखं शिरतं, असं आण्णा ज्याला त्याला सांगायचे.

आता खिळ्याचं सांगते. आमच्या भागातली झाडं नुसती झाडं नसतात. कुणी वासराचं दावं अडकवायला खिळा ठोकतो, कुणी गुऱ्हाळावर कंदील टांगायला, कुणी निवडणुकीची पाटी लावायला. माणूस विसरून जातो आणि झाड खिळा आत घेऊन वाढत राहतं. चार-सहा वर्षांत वर साल धरते आणि खिळा होता हेसुद्धा कळत नाही. फिरत्या पात्याला असा खिळा लागला तर बरं नशीब असेल तर दात जातात. वाईट असेल तर पातं तुटतं, आणि सुटलेलं पातं कुठे जाईल याला नेम नसतो. म्हणून आमच्या करवतीवर एक रीत होती. लाकूड घेऊन येणाऱ्याने, मग तो सरपंच असो की मेंढरं राखणारा, लाकडावर हात ठेवून म्हणायचं, "लोखंड न्हाई." याला बोल देणं म्हणायचे. बोल दिल्याशिवाय आण्णा लाकडाला हात लावत नसत. माहीत असलेले खिळे लोक आपणहून दाखवायचे, ते आधी छिन्नीने काढले जायचे. पण एका जातीचा खिळा कुणी दाखवत नसे. घरात कुणाला बाहेरचं काही लागलं, झपाटलं, की ते झाडात बांधून टाकायला खिळा ठोकायचे, आणि असल्या खिळ्याबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नसतं. ही माणसं हात ठेवून बेलाशक खोटं बोलायची. आण्णांना या प्रकाराचा मनस्वी तिटकारा होता. "आपलं भूत रसूलच्या गळ्यात मारत्यात," असं ते म्हणायचे.

अशा लोकांसाठी आण्णांचा तळहात होता. बोल दिल्यावर ते सबंध लाकडावरून सावकाश उजवा हात फिरवायचे. लाकूड कोमट असतं, खिळ्यापाशी गार लागतं, असं त्यांचं म्हणणं. खरंखोटं देव जाणे, पण त्यांनी असे किती खिळे काढले त्याला गणती नाही. सुट्टीवर आलेल्या एका हवालदाराने त्यांची गंमत करायला आंब्याच्या ओंडक्यात बिनडोक्याचा खिळा मारला, वर चिखल लिंपला आणि छाती काढून बोल दिला. आण्णांनी हात फिरवला, एका जागी थांबले आणि म्हणाले, "हवालदारसाहेब, ह्यो कालचाच दिसतुया. लय गार लागतुया." सगळी वखार हसली. हवालदार पुढे प्रत्येक सुट्टीत आण्णांना भेटल्याशिवाय परत जात नसे. मला तेव्हा वाटायचं, माझ्या आण्णांच्या हाताला कळत नाही असं जगात काही नाही.

मी सहा वर्षांची असताना मला ताप आला होता. आमचं अर्ध्या एकराचं वावर होतं आणि त्याच्या बांधावर एक बाभूळ. तिच्याखाली भर दुपारी खेळून आले आणि तिसऱ्या दिवशी मला झटके यायला लागले. डोळे पांढरे केले, दातखीळ बसली, असं आई सांगायची. आण्णा करवतीवर. आईची मावशी म्हसवडहून आलेली होती, तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि लोहाराकडून चौकोनी खिळा घडवून आणवला. आईने मला वाकळेत गुंडाळून कडेवर घेतलं. मला तो खिळा आठवतो, माझ्या तळहाताएवढा लांब, आणि मावशीने तो दगडाने ठोकताना उडालेली बाभळीची साल आठवते. आईच्या गुडघ्याच्या उंचीवर ठोकला होता. ठोकून झाल्यावर मावशीने आमच्या दोघींच्या ओठांवर बोट ठेवलं. "जवर खिळा झाडात हाय तवर त्ये झाडात हाय. पन खिळ्याचं नाव तोंडातनं निघालं का त्ये सुटलं. मग पोरीला सोडायचं न्हाई." त्याच आठवड्यात आण्णांनी मला खांद्यावर टाकून पलूसच्या डॉक्टरांकडे नेलं होतं आणि ओळीने इंजेक्शनं देववली होती. मी बरी झाले. श्रेय दोघांनाही द्यायला आज माझी हरकत नाही, पण आईच्या लेखी मी त्या खिळ्यावर जगत होते. ती आण्णांना हे कधी बोलली नाही. मीही नाही.

पुढे आठ वर्षांनी, चैत्राच्या अखेरीस, वळवाच्या वाऱ्याने ती बाभूळ अर्धी मुळं उपटून आडवी झाली. आण्णा ती बघायला गेले आणि लहान पोरासारखे हरखून आले. "आता आपलं दार," एवढंच म्हणाले. बाभळीची चौकट शंभर वर्षं हलत नाही, हे पुढचे चार दिवस आम्ही ऐकत होतो. आई मात्र एकच गोष्ट धरून बसली. "आवं, बुडखा तितंच ऱ्हाऊ द्या. बांध धरंल. पार मांडीइतका सोडा." आण्णांना त्यात वावगं वाटलं नाही. बांधाची काळजी करणारी बायको कुणाला नको असते? त्यांनी मांडीइतका बुडखा सोडून खोडावर खडूने खूण केली. मला आईची युक्ती कळली आणि मी मनातल्या मनात तिची पाठ थोपटली. पण तोडायच्या दिवशी आण्णांनी दोरी लावून बघितलं तर वर बाभळीला फाटा फुटलेला, आणि चौकटीच्या उभ्या लाकडाला लांबी कमी पडत होती. मग त्यांनी कुऱ्हाड खाली घेतली. दीड वीत खाली. तेव्हा आई तिथे नव्हती. ती माझ्या धाकट्या भावाला घेऊन म्हसवडला सिद्धनाथाला गेली होती, आमच्या दाराला यश दे म्हणून.

बैलगाडीतून ओंडका वखारीत आला आणि दोन दिवस उन्हात पडून राहिला. कापायच्या दिवशी आण्णांनी आम्हा दोघींना मुद्दाम बोलावलं होतं. आईने नेहमीचं लुगडं सोडून जरा बरं नेसलं होतं आणि डब्यात शेंगदाण्याची पोळी होती. इंजिन अजून सुरू व्हायचं होतं. आण्णा बाहीने घाम पुसत उगाच इकडून तिकडे करत होते. रसूलचाचा ओंडक्यावर हात आपटून म्हणाले, "आज गिऱ्हाईक कोन? वहिनी! बोल कोन देनार? वहिनी!"

"आवं, माझं काय त्यात," आई म्हणाली.

"का? दार कुनाचं हाय? ठेवा हात. न्हाईतर आमी कापायचो न्हाई. व्हय का न्हाई रं बाळू?"

आण्णांनी ओठांवरून ओळखलं आणि हसून मान हलवली. आई पुढे झाली. तिने ओंडक्याच्या बुडाकडे बघितलं आणि मला दिसलं की तिला ती दीड वीत दिसली. तिने कुऱ्हाडीचे ताजे घाव बघितले, मग आण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तेव्हा आठवीत होते. शाळेत बाईंनी ताप कशाने येतो ते सगळं शिकवलं होतं आणि मी ते तोंडपाठ म्हणून दाखवत असे. तरी त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर पातं नव्हतं. आई आता खिळ्याचं नाव घेईल आणि मला पुन्हा झटके येतील, मी सर्वांसमोर भुशात पडून हातपाय झाडीन, याचीच मला भीती वाटली. मी आईकडे बघून अगदी बारीक मान हलवली. नको, अशी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आईने लाकडावर हात ठेवला. "लोखंड न्हाई," ती म्हणाली.

आण्णांनी रीतीप्रमाणे तळहात फिरवला, पण एकदाच आणि भराभरा. घरच्या माणसाचा बोल होता, त्यावर दोनदा हात फिरवणं त्यांना बरं दिसलं नसावं. शिवाय ओंडका सकाळपासून उन्हात होता, सगळाच तापलेला. त्यांनी हात विजारीला पुसला आणि इंजिनवाल्याला खूण केली. आईने माझं मनगट धरलं आणि मला ओढतच घराच्या वाटेला लावलं. ती इतकी भराभर चालत होती की माझी चप्पल मागे राहिली. मागे बाभूळ किंचाळायला लागली. पहिला ढलपा निघाला असावा, आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. आई स्वतःशीच पुटपुटत होती, "वरच्या अंगाला हाय, सालीत हाय, ढलप्यात निघून जाईल." मला काय झालं कुणास ठाऊक, मी मनगट हिसडून घेतलं आणि एका चपलेनिशी उलटी पळत सुटले. शेडच्या दाराशी पोचले तेव्हा आण्णांची पाठ माझ्याकडे होती. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "आण्णा, खिळा! आण्णा, खिळा हाय!" आठ वर्षांत पहिल्यांदा मी तो शब्द तोंडातून काढला आणि तो माझ्याच कानांना ऐकू आला नाही. मग मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मनगटं आडवी धरली. पलीकडे उभ्या असलेल्या रसूलचाचांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

पातं तुटल्याचा आवाज मला आठवत नाही. नंतरची शांतता आठवते. चाचा खाली भुशात बसले होते आणि आपल्या उजव्या हाताकडे नवलाने बघत होते. भुसा लाल होत होता. आई माझ्यामागून धावत आली, तिने ते बरं लुगडं टराटरा फाडलं आणि त्यांचं मनगट बांधलं. तिचे हात थरथरत नव्हते, हे मला फार विचित्र वाटलं. रस्त्यावरून सांगलीला गूळ घेऊन चाललेला ट्रक आण्णांनी मधोमध उभं राहून अडवला आणि चाचांना ढेपांवर निजवून मिरजेला नेलं. मी तिथेच उभी होते. माझे हात किती तरी वेळ डोक्यावर तसेच आडवे होते. ते खाली घे म्हणून मला इंजिनवाल्याने सांगितलं.

चाचांचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला. आण्णा परत आले ते तिसऱ्या दिवशी, आणि आल्या आल्या छिन्नी घेऊन ओंडक्यातला खिळा काढायला बसले. चौकोनी खिळा बघून तो कशाचा आहे हे त्यांना लगेच कळलं. कुणी ठोकला असेल याचा विचार करताना त्यांनी शेजारच्या वावरवाल्यापासून वाटेवरच्या भटक्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतली. आईचं नाव त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. आणि अखेर ते स्वतःवरच येऊन थांबले. "मला गार लागलं न्हाई," असं ते म्हणायचे. जेवताना ताटावरचा हात थांबायचा, "मला गार कसं लागलं न्हाई?" आई समोर बसून भाकरी थापायची आणि खाली बघायची. मी त्या दोघांच्या मध्ये बसलेली. माझ्या एका वाक्याने आण्णांचा हात मोकळा झाला असता आणि त्याच वाक्याने माझी आई त्या घरातून उठली असती. असं काही चौदा वर्षांच्या पोरीच्या हातात देऊ नये. मला त्या महिन्यात काही करता आलं नाही. भुसा ठासायचा, बाटली काढायची, एवढंच मी करत होते, आणि तोही रोज ढासळत होता.

आई माझी वाट बघत होती, म्हणजे माझ्या झटक्यांची. खिळा झाडातून निघाला होता आणि मी त्याचं नाव ओरडले होते. ती दिवसभर माझ्या डोळ्यांकडे बघायची, कपाळाला हात लावायची, शाळेच्या वाटेवर येऊन उभी राहायची. खरं सांगायचं तर मीही वाट बघत होते. आले असते तर बरं झालं असतं. आई खरी ठरली असती, आणि कशासाठी तरी हे सगळं झालं असं म्हणता आलं असतं. पण मला काही झालं नाही. त्या वर्षी मला साधं पडसंसुद्धा आलं नाही. एका दुपारी आई माझं डोकं विंचरता विंचरता थांबली आणि म्हणाली, "तुला काय बी झालं न्हाई गं, माले." तिचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग ती फणी तशीच हातात धरून रडत बसली.

चाचा महिन्याने घरी आले. आईने माझ्याबरोबर माडगं पाठवलं, स्वतः गेली नाही. चाचा खाटेवर बसले होते. मी वाटी त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी घोट घेतला, लिंबाचं काही बोलले नाहीत.

"पोरी, तू हात केलतास. तुला ठाव हुतं?"

मी होकाराची मान हलवली.

"वहिनीला बी?"

मी खाटेची दोरी नखाने उकरत राहिले. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"बाळूला सांगू नगंस."

"पन चाचा, आण्णा सोताला बोल लावत्यात. जेवत न्हाईत."

"लावू दे. हात चुकला म्हनून मानूस रडतो, चार दिस जेवत न्हाई, पाचव्या दिशी जेवतो. घरचा बोल खोटा निगाला तर त्यानं जेवायचं कुटं?" मग ते म्हणाले, "आनि एक ध्यानात ठेव. तू हात केलास म्हनून मी मान वर केली. न्हाईतर पातं हितं आलं असतं." त्यांनी डाव्या हाताचं बोट गळ्यावर फिरवलं.

ते खरं होतं की माझी समजूत घालायला म्हणाले, मला माहीत नाही. माझ्याकडे बघण्याच्या नादात त्यांचा हात पात्याजवळ राहिला, असंही असू शकतं. मी ते दोन्ही पद्धतींनी हजार वेळा मांडून बघितलं आहे. आणि चाचांचा मला रागही आला, हे लिहायला हवं. हात गेलेल्या माणसाने हात जोडल्यासारखं काही मागितल्यावर नाही कसं म्हणणार? आईने एका बाजूने माझं तोंड बांधलं होतं, त्यांनी दुसऱ्या बाजूने गाठ मारली.

आण्णांनी त्यानंतर लाकडावर तळहात फिरवला नाही. दुसरा मिस्त्री आला. आण्णा कानस घेऊन बसायला लागले. चाचा रोज करवतीवर यायचे, डाव्या हाताने पातं धरायचे आणि आण्णा त्यांच्या सांगण्याप्रमाणे दात घासायचे. घासून झालं की चाचा डोळे मिटून डाव्या बोटाने बघायचे आणि मान हलवायचे, पुन्हा. असं दोघांनी मिळून पुढे वीस वर्षं केलं. दाराचं लाकूड टाकून द्यायचं आण्णांनी ठरवलं होतं, पण चाचा हटून बसले. "माझा हात गेला त्यात, बाळू, आनि तू त्येचं सरपन करनार व्हय? दार बसीव." सांगलीहून दुसऱ्या करवतीवर लाकूड कापून आलं आणि त्या दिवाळीला आमच्या घराला दार लागलं. डाव्या बाजूच्या उभ्या लाकडावर, उंबऱ्यापासून वीतभर वर, खिळ्याचं भोक आणि त्याभोवती काळपट निळा डाग होता. लोखंडाने बाभूळ अशी काळी पडते. आई रोज सकाळी उंबऱ्याला हळदकुंकू लावायची आणि त्या डागाकडे न बघता आत यायची.

आता तिथे करवत नाही. रस्ता रुंद झाला, शेड गेली, त्या जागी तयार दारांचं दुकान आहे आणि त्यातल्या दारांत लाकूड म्हणून जे असतं ते हाताने मोडतं. आधी चाचा गेले, मग आई. जाताना ती चांगली शुद्धीवर होती आणि माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता मला मोकळी करेल. तिने पाणी मागितलं. आण्णा ऐंशीच्या पुढे गेले होते, दोन्ही कान पार गेलेले. मी सांगलीहून दर रविवारी जायची. ते दारात उंबऱ्यावर बसलेले असायचे आणि त्यांचा उजवा हात त्या डागावर असायचा.

अशाच एका रविवारी मी त्यांच्याजवळ टेकले. दुपारचं ऊन ओसरीवर आलं होतं. त्यांनी डागावर तळहात दाबला आणि म्हणाले, "हितं गार लागायला पायजे हुतं, माले." आणि मी बोलायला लागले. त्यांना ऐकू येत नाही हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच धीर झाला असेल. मावशीपासून सगळं सांगितलं. मी मान हलवली होती तेसुद्धा. चाचांनी मागितलेलं सांगितलं. माझा आवाज चढत गेला, मी रडायला लागले, शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. आण्णा माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. तरुणपणी त्यांना ओठांवरून सगळं कळायचं, त्या दिवशी किती कळत होतं मला माहीत नाही.

मग त्यांनी डागावरचा हात काढला. दोन्ही हात सावकाश डोक्यावर नेले आणि मनगटं एकमेकांवर आडवी धरली, आई धरायची तशी. ती खूण दिसली की का, कशाला असं विचारायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी गप्प झाले.